पाचव्या पॉइंटवरचा समुद्र

“मागं घे! मागं घे म्हणतो ना! वरनं येतंय, दिसत नाय काय?”

मी जागच्या जागी थिजलो. पाठीवर सॅक, एका हातात गॅसची शेगडी, काखेत गुंडाळलेली गादी, आणि समोर हातभर रुंद पायवाटेवर खाकी शर्टातला एक म्हातारा. गळ्यात शिटी, हातात लाल झेंडी, आणि मिशा अशा की एकेका टोकावर एकेक कावळा निवांत बसावा. मी मागं घेतलं. शेगडीसकट कडेला सरकून, करवंदाच्या जाळीत अर्धा घुसून उभा राहिलो. वरून जे यायचं होतं ते आलं. एक शेळी. ती माझ्याकडे ढुंकूनही न बघता, बरोबर डाव्या बाजूनं खाली गेली. म्हाताऱ्यानं लाल झेंडी उतरवली, हिरवी वर केली आणि मला म्हणाला, “चला, सोडली. वळणावर हॉर्न द्या.”

ज्यांच्या पडवीतली खोली मला भाड्यानं घ्यायची होती, ते हेच. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेला, नुकताच तुडीलच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावात मास्तर म्हणून रुजू झालो होतो. घर विचारत विचारत चुकून त्यांच्या पायवाटेवर चढलो होतो एवढाच माझा गुन्हा. खोली मिळाली. अट एकच होती, की उजव्या बाजूनं चालायचं नाही.

सगळं गाव त्यांना मुकादम म्हणे. ते मूळचे पोलादपुराकडचे, कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात टेकलेल्या एका वाडीतले. सगळी नोकरी कशेडी घाटात, रस्त्याच्या गँगवर. पावसाळ्यात दरड कोसळली की ती उपसायची, अर्धा रस्ता मोकळा झाला की झेंड्या घेऊन उभं राहायचं, आधी इकडचे ट्रक सोडायचे, मग तिकडचे. त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला तर मुंबई आणि गोवा हे दोन प्रदेश त्यांच्या शिटीनंच एकमेकांना जोडलेले होते. बायको मात्र खाडीकाठची, आईबापांची एकुलती. निवृत्तीनंतर सासऱ्याचं घर रिकामं पडलं म्हणून मुकादम इथे येऊन राहिले, आणि साठाव्या वर्षी घरजावई झाले.

आता हे गाव पाण्यातलं. इथली माणसं तारीख विचारली तर तिथी सांगतात, आणि तिथी सांगितली की पाणी कधी चढणार, कधी उतरणार हे आपोआप सांगून टाकतात. त्यांच्यात हा डोंगरातला माणूस. याला भरती कळेना, ओहोटी कळेना, जाळं टाकायला गेला तर स्वतःच त्यात गुंडाळून आला. कुणीतरी म्हणालं, “मुकादम, तुमच्या कामाचं इथं काय नाय हो.” झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पहार उचलली, आणि गावामागच्या टेकडीच्या कुशीतून, खाडीच्या कडेकडेनं रस्ता काढायला घेतला.

तीन वर्षं खपले. लांबी म्हणाल तर किलोमीटरला थोडी कमी, पण वळणं चौदा. त्यातली नऊ तरी गरज नसताना. सरळ जाता येत असताना हे वळण कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “गुरुजी, सरळ रस्त्यावर माणूस झोपतो. वळण आलं की जागा होतो.” सुरुवातीला पाटी: ‘सागरी मार्ग’. समुद्र तिथून होडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. कुणी हसलं की मुकादम विचारत, “खाडीत पानी कुनाचं येतं?” “समुद्राचं.” “मग काठ कुनाचा?”

मार्गावर पाच पॉइंट. प्रत्येकाला जांभ्या दगडाचा कंबरभर कठडा, त्यावर पांढरा चुना, खाली गेरूचा पट्टा. कठड्यावर त्यांचा भारी जीव. चिऱ्याला चिरा असा बसवलेला की मुंगीला आत शिरायला अर्ज करावा लागेल. पहिल्या पॉइंटवरून त्यांचा स्वतःचा गोठा दिसे. दुसऱ्यावरून गावच्या बायकांचा कपडे धुण्याचा कातळ दिसे, त्यामुळे आठवड्यातच बायकांनी येऊन त्यांची अशी काही हजेरी घेतली की तिथे ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागली. ती दुरुस्ती अजून चालू आहे. तिसऱ्यावरून पलीकडच्या काठाची आंब्याची झाडं दिसत. चौथ्यावरून तिसरा पॉइंट दिसे. आणि पाचवा, टेकडीच्या नाकावरचा, तिथली पाटी सगळ्यांत मोठी: ‘येथून समुद्र दिसतो’.

दिसायची खाडी. पश्चिमेला दोन वळणं घेऊन डोंगराआड जाणारी, आणि त्यापलीकडे धुरकट पांढरं काहीतरी. ते आभाळ असावं असा गावाचा अंदाज. मुकादमांचा नव्हता.

घरातही त्यांचा रस्ता चालूच असे. उंबऱ्याबाहेर मैलाचा दगड रोवलेला, त्यावर शून्य. “भाकरी कुठाय गो?” असं त्यांनी विचारलं की मुकादमीण चुलीपुढूनच सांगे, “वीस मीटरवर, डाव्या हाताला, पुढं रस्ता संपतो.” ती बाई बोलायला विळ्यासारखी. नवऱ्याच्या मार्गावर तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. “मी खाडीत जन्मले,” म्हणायची, “मला ह्यांनी डोंगरातनं येऊन खाडी दाखवायची?” एका श्रावणात वरून टोपलीभर माती घसरली. टोपलीभर म्हणजे खरोखर एक टोपली, मी स्वतः पाहिली. मुकादमांनी दोन्ही बाजूंना ‘दरड कोसळली आहे’ अशा पाट्या लावल्या, मार्ग तीन दिवस बंद ठेवला, आणि ती माती तासून तासून काढली. चौथ्या दिवशी मुकादमिणीनं तीच माती उचलून अळवाच्या बुंध्याला घातली.

आणि तरीही या मार्गावर गर्दी असे! रोज संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं. मुकादमांनी त्यासाठी नोंदवही ठेवली होती: नाव, वेळ, उद्देश. उद्देशाच्या रकान्यात सगळे एकजात लिहीत, ‘निसर्गदर्शन’. मीही लिहीत असे. खरं कारण असं की गावात मोबाइलला रेंज नव्हती. संबंध गावाला रेंज यायची ती एका जागी, पाचव्या पॉइंटवर, आणि तीही महाडच्या दिशेला तोंड करून, खाडीकडे पाठ करून उभं राहिलं तरच. कुणाचा मुलगा मुंबईत, कुणाचा भाऊ कुवेतला, माझी बायको महाडात. सगळे कठड्याला पाठ टेकून ओरडत उभे. एकानं एकदा घाईत लिहिलं होतं, ‘निसर्गदर्शन, पण आवाज नीट आला नाही’. मुकादमांनी ते वाचलं आणि समजुतीनं मान हलवली. “लाटांचा आवाज हितवर येत नाय,” म्हणाले, “लांब हाय.”

त्यांना खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही. चाचांची होती, पण चाचा सांगत नसत. चाचा म्हणजे शेजारच्या मोहल्ल्यातले, वीस वर्षं आखातात जहाजांवर काढून आलेले, आता स्वतःची इंजिनाची होडी बाळगून मासे मारणारे. मुकादमांची चेष्टा करण्याचा मक्ता त्यांच्याकडे होता. रोज पहिल्या पॉइंटवर बसून विचारत, “काय मुकादम, आज समुद्र दिसला का बदलीवर गेलाय?” मुकादम म्हणत, “थोडा धुरकट हाय.” एकदा मात्र मुकादमांनीच हळूच विचारलं, “चाचा, तुमी तर पार फिरलाव. समुद्र असाच असतो ना, हितनं दिसतो तसा?” चाचांनी विडी खाली टाकली, पायानं विझवली, खाडीकडे बराच वेळ बघितलं. “असाच,” म्हणाले. “थोडा मोठा.”

मग टॉवर आला. म्हणजे यायचा होता. कंपनीचा माणूस यंत्र घेऊन गावभर फिरला आणि ग्रामसभेत म्हणाला, जागा एकच चालेल. पाचवा पॉइंट.

मुकादम उठून उभे राहिले. “टॉवरला माझी ना नाय. पाचवर नाय. तिथनं समुद्र दिसतो.”

सरपंचबाई भल्या होत्या, पण भाबड्या नव्हत्या. “मुकादम, तुमचा मान हाय,” त्या म्हणाल्या. “पन माझी सून पोटुशी हाय. उद्या गाडी बोलवायची तर तिला पाचव्या पॉइंटवर चढवू काय फोन लावायला?”

मुकादम म्हणाले, “मग चारवर घ्या.”

कंपनीचा माणूस म्हणाला, चारवर उंची कमी पडते, खांब वाढवावा लागेल, साहेबांना विचारावं लागेल, आणि कारणही तसंच लागेल.

“कारन हाय ना,” मुकादम म्हणाले. “समुद्र.”

सरपंचबाईंनी पदर खोचला. “बरं. दाखवा. सगळ्या गावाला दिसला, तर मी ह्यांच्या साहेबाच्या उरावर बसून टॉवर चारवर न्यायला लावते. नाय दिसला, तर तुमी बोलायचं नाय.”

“मंजूर,” मुकादम म्हणाले.

त्या संध्याकाळी चाचा आले आणि त्यांनी मुकादमांना गोठ्यामागे नेलं. मी तिथे सहजच होतो. म्हणजे भिंतीला कान लावून सहजच उभा होतो. चाचा म्हणाले, “रविवार-बिविवार ठेवू नकोस. अमावास्येला ठेव. उधाणाची भरती हाय. दुपारी दीडला पानी असं तुडुंब चढतं की पलीकडचा काठ दिसेनासा होतो. अडीचपर्यंत टिकतं. तेवढ्यात वर ने सगळ्यांना, आनि बोट दाखव.”

“ही फसवनूक झाली, चाचा.”

“फसवनूक कसली रे? समुद्राचंच पानी. स्वतःच्या पायानं भेटायला येतंय तुला.”

मुकादमांनी विचार केला. दीड ते अडीच. रस्ता किलोमीटरभराचाही नाही, म्हातारं माणूस चाललं तरी वीस मिनिटं. “ठीक हाय,” म्हणाले. “पन वाहतूक माझ्या पद्धतीनं.”

चाचांनी तिथेच नको म्हणायला हवं होतं.

अमावास्येला साठ-सत्तर माणसं पायथ्याशी जमली. मी शाळा अर्धी सोडली. कंपनीचा माणूस छत्री घेऊन आला. पाणी खरोखर असं चढलं होतं की चाचांची होडी बांधावरच्या नारळाला मान टेकून उभी होती. चाचा आनंदानं हात चोळत होते. मुकादमांनी खाकी शर्टाला इस्त्री केलेली, मिशांना तेल. त्यांनी शिटी मारली आणि जाहीर केलं, मार्ग अरुंद आहे, कठड्यावर एका वेळी पाचच माणसं मावतात, सबब एकेरी वाहतूक.

घाटात एकेरी वाहतूक कशी चालते ते इथे सांगणं भाग आहे. या टोकाचा मुकादम गाड्या सोडतो आणि शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात एक काठी देतो. पलीकडच्या टोकाचा मुकादम ती काठी घेतो, रस्ता मोकळा झाल्याचं समजतो, त्याच्याकडच्या गाड्या सोडतो, आणि शेवटच्या गाडीबरोबर काठी परत पाठवतो. काठी हातात येईपर्यंत इकडचं चाकही हलायचं नाही. सगळ्या नोकरीत मुकादमांनी हा नियम एकदाही मोडलेला नव्हता. म्हणून तर माणसं जिवंत राहिली, असं ते म्हणत, आणि ते मात्र खरं असावं.

तर सव्वा वाजता त्यांनी पहिल्या पाच जणी सोडल्या. सरपंचबाई आणि त्यांच्या चार मैत्रिणी. शेवटी चाललेल्या सरपंचबाईंच्या हातात लाल फडकं बांधलेली काठी. हिरवी झेंडी खाली, लाल वर. आणि आम्ही थांबलो.

दीड वाजला. पावणेदोन. चाचा म्हणाले, “सोड रे पुढचे.”

“काठी येऊ दे.”

दोन वाजता माझ्या डोक्यात उजेड पडला. “मुकादम,” मी म्हणालो, “वर पलीकडच्या टोकाला तुमचा माणूस कुठाय? काठी परत कोण पाठवणार?”

मुकादमांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या सगळ्या नोकरीवर शिंतोडे उडवले होते. “काठी येईल, गुरुजी. आजवर काठी आली नाय असं झालं नाय.”

“वर फोन करा!” कुणीतरी ओरडलं. तीस-चाळीस फोन खिशांतून निघाले. खाली रेंज कुठली? ती वर. आणि वर त्या पाच जणींना अशी काही रेंज लागली होती की, नंतर कळलं, एकीनं मुंबईतल्या तिन्ही लेकींशी बोलून घेतलं, दुसरीनं कुवेतला भावाला भात-भाजीची कृती सांगितली, आणि सरपंचबाई मांडीवर काठी आडवी घेऊन मुलाशी सुनेच्या औषधांबद्दल बोलत बसल्या. सगळ्या महाडकडे तोंड करून. पाठीमागे खाडी फुगून फुगून समुद्र झालेली.

सव्वादोन. “अरे पानी फिरलं!” चाचा किंचाळले. ते बांधावर येरझारा घालत होते, पाण्याला हातानं थोपवायचंच बाकी राहिलं होतं. “मुकादम, पाया पडतो तुझ्या, सोड!” दोघा-तिघा जवानांनी झेंडीखालून घुसायचा प्रयत्न केला, मुकादमांनी अशी शिटी फुंकली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. कुणाची पुढे जायची हिंमत होईना. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनाही पाणी दिसत होतं, मी शपथेवर सांगतो, त्यांना पाणी उतरताना दिसत होतं. पण काठी आली नव्हती.

पावणेतीनला मुकादमीण घरातून बाहेर आली, पदरानं हात पुसत. लाल झेंडीपाशी आली आणि थांबलीच नाही.

“ए, थांब गो!”

“मी काय ट्रक हाय?” म्हणाली, आणि गेली वर. त्या मार्गावर तिनं टाकलेलं ते पहिलं पाऊल. गुडघे धरून गेली, गुडघे धरून परत आली, तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. तिनं काठी नवऱ्याच्या हातात दिली. “ही घ्या. आता सोडा तुमच्या गाड्या.”

मुकादमांनी काठी पाहिली, फडकं नीट केलं, आणि सोडल्या. पाच-पाचच्या घोळक्यानं नाही, सगळ्या एकदम. नियम मोडताना मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिलं.

वर पोचलो तेव्हा पाचव्या पॉइंटवरून दिसलं ते असं: चिखल. मैलभर काळाकुळकुळीत चिखल, मधोमध पाण्याची एक रेघ, चार बगळे, आणि एक मोटारीचा टायर. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चाचांनी सरपंचबाईंना विचारलं, “बाई, तुमी वर आलाव तेव्हा पानी केवढं होतं, सांगा ना.”

सरपंचबाई खरं बोलणाऱ्या. “असेल हो भरपूर,” त्या म्हणाल्या. “माझी पाठ होती.”

कंपनीच्या माणसानं छत्री मिटली. मुकादमांनी दोन्ही झेंड्या गुंडाळून काखेत घेतल्या. म्हणाले, “एकेरी वाहतुकीला येळ लागतोच,” आणि उतरायला लागले.

उतरताना चाचांचा ताबा सुटला. अर्ध्या वाटेत त्यांनी मुकादमांचा दंड धरला. “अरे, काठी काठी करत बसलास! समुद्र आज तुझ्या दारात आला होता! तू जन्मात कधी बघितलायस तरी का समुद्र?”

“रोज बघतो,” मुकादम म्हणाले. “पाचवरनं.”

“ते सोड. खराखुरा.”

मुकादम डाव्या बाजूनं चालत राहिले. वळण आलं तेव्हा मात्र त्यांनी नेहमीसारखा तोंडानं हॉर्न दिला नाही, आणि मला कळलं. मुंबई आणि गोवा जोडणाऱ्या माणसानं ना मुंबई पाहिली होती ना गोवा. सगळा समुद्र बघून येणारे ट्रक त्यांच्यासमोरून गेले, आणि ते झेंडी धरून मध्ये उभे राहिले.

टॉवर उभा राहिला. पाटी उपटून मजुरांनी खाली टाकली होती, ती मुकादमांनी आणून गोठ्यात उभी केली. गावात रेंज आली, चुलीपुढे आली, न्हाणीत आली. सरपंचबाईंच्या सुनेची गाडी फोन केल्यावर वेळेत आली, नातूही झाला. आणि सागरी मार्गावरची गर्दी एका दिवसात नाहीशी झाली. नोंदवही घेऊन मुकादम रोज संध्याकाळी शून्याच्या दगडापाशी बसत. एकदा शेळी आली. त्यांनी वही उघडली, पेन काढलं, आणि परत मिटली.

शेवटी चाचांनीच एके दिवशी होडी काढली. “चल,” म्हणाले. मुकादमांनी खाकी शर्ट चढवला. मीही निघालो. ओहोटीबरोबर निघालो ते खाडी रुंद होत होत, डोंगर मागे हटत हटत, बाणकोटला खाडीच्या तोंडाशी आलो. चाचांनी होडी वाळूला लावली. मुकादम उतरले, पुढे गेले, आणि उभे राहिले.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. चाचांनी दोन विड्या ओढल्या. समोर जे होतं त्याला पलीकडचा काठ नव्हता, आणि मुकादम डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे बघत होते, जणू ह्या रस्त्यावर झेंडी नेमकी कुठे धरावी ते ठरेना. एक लाट येऊन त्यांच्या चपला घेऊन गेली. त्यांनी तिला जाऊ दिलं.

घरी आलो तेव्हा दिवस अजून होता. मुकादमीण उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज विळ्यासारखा आला नाही.

“काय हो,” तिनं विचारलं, “कसा हाय समुद्र?”

मुकादमांनी खाकी शर्ट काढून खुंटीला लावला.

“पाचवरनं दिसतो तसाच,” म्हणाले. “फक्त कठडा नाय.”